आमची टीम सोडून कुठलीही

आपल्या मंडळातल्या बहुतेकांनी लंडन पाहिलं आहे, पॅरिस पाहिलं आहे. एक जोडपं तर अंटार्क्टिकाला जाऊन पेंग्विन पाहून आलं आणि गणपतीच्या आरतीनंतर त्यांचे फोटो दाखवता दाखवता सगळ्यांचा प्रसाद गार केला. पण बीड जिल्हा पाहिलेला माणूस आपल्यात एकही नाही. माझी बायको सुनंदा सोडून, आणि ती तिथली लेकच आहे. मी यंदा तिच्याबरोबर तिथे चांगला मुक्काम ठोकून आलो, म्हणून हा लेख लिहायचा हक्क माझा आहे.

आधी थोडं आमच्या इथलं सांगतो, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे. अमेरिकेतल्या आमच्या गावात कागदाचे कारखाने आहेत, लांबलचक हिवाळा आहे आणि फुटबॉलची एक टीम आहे. हा अमेरिकन फुटबॉल. चेंडू अंड्याच्या आकाराचा, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. बाकीच्या शहरांतल्या टीम एकेका धनिकाच्या मालकीच्या आहेत, आमची टीम गावकऱ्यांच्या मालकीची. मीही एक शेअर घेतला आहे. त्यावर नफा मिळत नाही, तो विकता येत नाही, फक्त वर्षातून एकदा मैदानावरच्या सभेला बसता येतं. तो शेअर मी दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोशेजारी टांगला आहे आणि त्याची चौकट फोटोच्या चौकटीपेक्षा भारी आहे, हे सुनंदा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवते.

या सगळ्या टीमची मिळून एक लीग आहे, ती दरवर्षी काही सामने लंडनला नेते. तिकिटं हातोहात जातात. मग एखादी टीम कायमची तिकडेच का नेऊ नये, यावर आमच्याकडे वाद चालतो. मैदानात माझ्या शेजारच्या जागेवर बसणारा डेव्ह म्हणतो, अजिबात नेऊ नये. समुद्र ओलांडून सारखी ये-जा करून खेळाडूंचा जीव जाईल, त्यांच्या बायकामुलांनी राहायचं कुठे? मी म्हणतो, जरूर न्यावी. मी नाशिकची द्राक्षं सोडून या बर्फात येऊन तगलो, तर ही दांडगी माणसं लंडनच्या रिमझिमीला कशाला घाबरतात? जिथे माणसं जास्त तिथे टीम जावी, यात मला कधी शंका वाटली नाही. हेच मत बरोबर घेऊन मी बीडला निघालो.

पाटोदा

पुण्याहून नगर, जामखेड करत आम्ही पाटोद्याला पोहोचलो तेव्हा उन्हं चढली होती. पाटोद्याचा खवा घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं सुनंदाने विमानातच बजावलं होतं. दुकानात गेलो तर कढई उपडी घातलेली. दुकानदाराने बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं की खवा नाही, कारण दूध नाही, आणि दूध नाही कारण जनावरं छावणीत आहेत. चहाही काळाच आला. त्याबद्दल त्याने माफी मागितली नाही, मलाही ती अपेक्षित नव्हती.

छावणी म्हणजे दुष्काळात सरकारी मदतीवर, बहुतेक वेळा एखाद्या सहकारी संस्थेने चालवलेली, गुरं बांधायची जागा. पुढच्या रस्त्याला आम्ही एक पाहिली. उघड्या माळावर हिरव्या जाळीच्या सावल्या, त्याखाली रांगेने गाईम्हशी, आणि त्यांच्याबरोबर मुक्कामाला आलेली घरंच्या घरं. चुली पेटलेल्या, दोरीवर कपडे. सुनंदाने गाडी थांबवायला सांगितली आणि खाली न उतरता नुसती बघत बसली. एरवी माहेरच्या वाटेवर तिचं तोंड बंद नसतं. त्या दिवशी ती प्रत्येक विहिरीपाशी मान वळवून पाहत होती.

सासुरवाडी

सासुरवाडी दिंद्रुडपासून जरा आत आहे. बाजाराला, बँकेला, दवाखान्याला सगळे दिंद्रुडलाच जातात. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझा मेहुणा दिगंबर याने पिशव्या उचलल्या. दिगंबर सुनंदापेक्षा लहान, पण सगळा गाव त्याला चेअरमन म्हणतो. सासऱ्यांनी उभी केलेली सहकारी दूध संस्था आता तो चालवतो.

मराठवाड्यात जावई म्हणजे काय असतो, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. गावाला टँकरचं पाणी, तेही रोज येईल असं नाही, आणि मला मात्र आंघोळीला काठोकाठ भरलेली बादली. मोरीतल्या दगडाखाली एक घमेलं ठेवलेलं होतं. पायात येतं म्हणून मी ते बाजूला सारलं आणि मनसोक्त आंघोळ केली. बाहेर आलो तर सासूबाई दाराशी दुसरं घमेलं घेऊन उभ्या. आंघोळीचं पाणी त्या घमेल्यात धरायचं आणि परसातल्या झाडांना घालायचं, असा घरचा नियम होता. मी ते सगळं नाल्यात सोडलं होतं.

"आसू द्या जावईबापू," त्या म्हणाल्या, "नाल्याला बी तहान लागतीच की." एवढ्यावर त्यांनी विषय संपवला. सुनंदाने मात्र तो अजून संपवलेला नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेली पूड. घरात भाजी नसली तरी तिची आमटी होते आणि चार घास जास्तच जातात. मी तीनदा वाढून घेतली. आपल्याकडच्या, घरटी एक पदार्थ आणायच्या कुठल्याही पॉटलकला ती नेली तर पातेलं चाटून पुसून जाईल, हे मी छातीठोकपणे सांगतो.

सकाळी दिगंबरने मला संस्थेत नेलं. एक खोली, वजनकाटा आणि मागे दूध गार ठेवणारी मोठी स्टीलची टाकी, तिला सगळे कूलर म्हणतात. आसपासच्या वस्त्यांवरून गुरं राखणारी माणसं कळशीत, कॅनमध्ये दूध घेऊन चालत येत होती. छावणीतून येणारं दूध निम्म्याहून कमी झालं होतं. कूलर रोज धुवावा लागतो, त्याला पाणी लागतं, आणि तेच नव्हतं. म्हणून दिगंबरने ठरवलं होतं की कूलर उचलून गंगेकाठच्या एका गावात न्यायचा. गंगा म्हणजे गोदावरी, तिकडे तिला दुसरं नाव नाही. तिथे अजून पाणी होतं आणि दूधही होतं. संस्था वाचवायची तर हाच मार्ग, असं तो म्हणे, आणि त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. अडचण या वस्त्यांची होती. कूलर गेला की यांचं दूध तिथपर्यंत पोहोचेस्तोवर नासणार, आणि दूध घ्यायलाच कोणी नसेल तर गुरं विकावी लागणार. चार दिवसांनी या एकाच विषयासाठी सभासदांची सभा बोलावली होती.

संध्याकाळी कट्ट्यावर मला अमेरिकेतलं काहीतरी सांगायचा आग्रह झाला. मी अर्थातच फुटबॉल सांगितला. दोन विटा ठेवून मैदान आखलं, कोण कोणाला पाडतो ते दाखवलं. लोकांना ते लगेच कळलं, कारण कबड्डी सगळे खेळलेले. भीमराव नाना म्हणून एक थोराड शेतकरी होते, सासऱ्यांचे मित्र. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हातानं पळवतेत तर फुटबॉल कावून म्हनायचं?" मी घाईने विटा उचलल्या.

मग मी शेअरचं सांगितलं. टीम गावाची, आणि मी तिचा सभासद. हा शब्द मी तिथे वापरला नसता तर बरं झालं असतं. आपल्याकडे सभासद म्हणजे वर्गणी भरणारा. तिकडे सभासद म्हणजे ज्याच्या हाताला किंमत आहे असा माणूस. त्याच्यासाठी निवडणुकीला जीपगाड्या येतात आणि त्याच्या घरच्या लग्नाला चेअरमन हजर राहतो. कट्ट्यावरची मंडळी माझ्याकडे एकदम आदराने पाहू लागली. दिगंबरच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं होतं.

धर्मापुरी

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला परळीवरून धर्मापुरीला घेऊन गेला. तिथलं जुनं देऊळ पाहायला मुद्दाम जावं. बाहेरच्या भिंतीवर दगडी बायका उभ्या आहेत. एक केस सावरते आहे, एक लिहिते आहे, आणि त्या कोणाला दाखवायला काही करत नाहीत, आपल्या कामात आहेत. सुनंदा एकेकीपाशी थांबत देवळाभोवती फिरत राहिली. मला दिगंबरने सावलीला बसवलं.

त्याला लंडनचं सगळं ऐकायचं होतं. टीम न्यायची म्हणजे काय काय न्यायचं? जुन्या गावातले प्रेक्षक काय करणार? मी रंगात आलो. एका शहराची टीम मालकाने रातोरात ट्रकमध्ये भरून दुसऱ्या शहरात नेली होती, ते सांगितलं. तरी लीग बुडाली नाही, उलट वाढली, हेही सांगितलं. खेळ टिकवायचा तर तो हलता ठेवावा लागतो, जिथे जोर आहे तिथे न्यावा लागतो, असं मी म्हणालो. देवळाच्या पायरीवर बसून बोलताना माणसाला आपलं बोलणं जरा जास्तच खरं वाटतं.

"दाजी," दिगंबर म्हणाला, "सभेत एवडंच बोला. मी घरचा हाय, माझं कोन ऐकतंय? तुमी लांबचे, तुमचं ऐकतेल."

मी हो म्हणून बसलो. फुटबॉलवर बोलायला मला कोणी आधी कधी बोलावलंच नव्हतं.

परत आलो तर संस्थेच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसलं: प्रमुख पाहुणे, अमेरिकन फुटबॉलचे संचालक. मी दिगंबरला म्हटलं, अरे, मी साधा सभासद आहे. तो म्हणाला की सभासद तर समोर सतरंजीवर बसतात, स्टेजवर बसायचं तर संचालक व्हावंच लागतं. माझी बढती अशी झाली.

त्या संध्याकाळी सुनंदा माझ्याशी नीट बोलली नाही. शेवटी तिने विचारलं की कूलर कुठे असावा हे तुला कळतं का. मी म्हटलं, मी फक्त फुटबॉलचं बोलणार आहे. ती म्हणाली की तिथे फुटबॉलचं कोणीही ऐकणार नाही, सगळे कूलरचंच ऐकतील. मला ते पटलं नाही.

सभा

मांडव संस्थेच्या दारात घातला होता. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, आणि सुनंदा आईशेजारी सतरंजीवर. सासऱ्यांनी तिच्या नावाने एक शेअर तिच्या लग्नाआधी घेतला होता, म्हणून ती कागदोपत्री सभासद होती. मला शाल आणि नारळ मिळाला. सतरंजीवर पुढे वस्त्यांवरची माणसं बसली होती. त्यातले काही जण छावणीतून पहाटे निघून चालत आले होते.

दिगंबर चांगला बोलला. पाणी, टँकर, घटलेलं दूध, सगळं खरं मांडलं. मग माझ्याकडे हात करून म्हणाला की जगातली सगळ्यात मोठी लीगसुद्धा आपली टीम समुद्रापार न्यायचा विचार करते, त्यात कमीपणा नाही, आणि हे मी नाही सांगत, आमचे दाजी सांगतेत. माइक माझ्या हातात आला.

मी बोललो. टीम लंडनला का न्यावी, याचे मुद्दे एकेक करून मांडले. सुनंदाचं खरं होतं. फुटबॉल कोणीही ऐकत नव्हतं. मी "टीम" म्हणायचो आणि समोरची माणसं कूलरकडे पाहायची. मला ते दिसत होतं, आणि तरी मी बोलत राहिलो, कारण माझा स्वभाव तसा आहे आणि मुद्दे अजून शिल्लक होते.

टाळ्या विरल्यावर भीमराव नाना उठले.

"पाव्हणं, तुमची टीम त्या लंडनला न्यायची म्हनली, तर तुमी हात वर करताल का?"

मी एक क्षणही विचार केला नाही. "आमची नाही," मी म्हणालो. "दुसरी कुठलीतरी."

"मग आमची कावून?"

मांडव हसला. आधी पुरुष हसले, मग बायका, आणि सगळ्यात शेवटी मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. हसताना माझे कान तापले होते. इतकी वर्षं मी डेव्हशी भांडलो आणि परदेशी जाणारी टीम प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाची तरी धरून चाललो, हे मला त्या मांडवात कळलं. मी माइक ठेवला आणि खुर्चीवर बसलो. संचालकपदाचा राजीनामा मी तिथेच मनातल्या मनात दिला.

दिगंबरने ठराव मतास टाकला. विरोधात कोण, म्हटल्यावर वस्त्यांवरचे हात वर गेले, पण सगळे नाहीत. चेअरमनच्या तोंडावर हात वर करणं सोपं नसतं. तेवढ्यात बायकांतून सुनंदाचा हात वर आला. मांडवातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. बहीण भावाच्या विरोधात होती.

"आक्का, हात खाली कर," दिगंबर माइकवरच म्हणाला. आवाज त्याने चढवला नव्हता. "चालू सभासदालाच मत हाय. दूध घालावं लागतंय. तू तिकडं ऱ्हातीस."

नियम तसाच होता. सुनंदाने हात थोडा खाली घेतला. तिचा चेहरा मला आजही दिसतो. आपण इथल्या उरलो नाही, हे तिला तिच्याच दारात, तिच्याच भावाने माइकवरून सांगितलं होतं.

तेव्हा सासूबाई बोलल्या. बसल्या जागेवरूनच, पदर नीट करत.

"तिचं दूध येतंय की."

"कवा?" दिगंबर म्हणाला.

"रोज. तुजा बाप गेल्यापून तांबडीचं दूध तिच्या नावानं घालते मी. छावनीतनं बी घातलं. सेक्रेटरीला इचार."

सेक्रेटरीने मान डोलावली आणि ती खालीच ठेवली. दिगंबरला हे माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. सुनंदा आईकडे अशी पाहत होती की तिलाही ते आत्ताच कळत होतं, हे कोणालाही दिसलं असतं.

"आई, आक्का परदेशात हाय," दिगंबर म्हणाला.

"लेक लांब दिली म्हून नाव कावून काढायचं?"

सुनंदाचा हात पुन्हा वर गेला. मग तिच्या शेजारणीचा, मग मागच्या रांगांतले. मोजायची वेळच आली नाही. मी स्टेजवर शाल पांघरून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी शालीलाच पुसलं.

ठराव पडला. कूलर राहिला. दिगंबरने सभा संपल्याचं नियमाप्रमाणे जाहीर केलं, सगळ्यांना चहा घेऊन जायला सांगितलं आणि घरी निघून गेला. त्या दिवशी तो आमच्या पंगतीला बसला नाही. निघताना पिशव्या त्यानेच गाडीत ठेवल्या, पण सुनंदाशी बोलला नाही. सुनंदाही बोलली नाही. सासूबाईंनी येसराचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. 

घरी परत

इथे आल्यावर डेव्हला मी सगळं सांगितलं. तो खूष होऊन म्हणाला, म्हणजे आता तू माझ्या बाजूचा. मी म्हटलं, मुळीच नाही. लंडनला टीम असावी असं मला आजही वाटतं. पण कोणाची तरी उचलून नेलेली नको. तिथल्या लोकांनी काढावी, तिथल्या लोकांनी शेअर घ्यावेत, पहिली दहा वर्षं हरावं आणि तरी पावसात येऊन बसावं. मग ती कोणी हलवायला आला तर हात वर करायला माणसं असतील. डेव्ह म्हणाला की मालक लोक असं कधी होऊ देणार नाहीत. मी म्हटलं, मग त्यांनी लंडनला जत्रा भरवावी आणि जत्रा उठली की आपापल्या गावी परतावं. यावर आम्ही अजून भांडतो आहोत, पण माझी बाजू आता पूर्वीपेक्षा पक्की आहे.

घरात मात्र एक गोष्ट तशीच अडली होती. दिगंबरचा फोन येत नव्हता. सुनंदा आईशी बोलायची, भावाची चौकशी करायची आणि आई म्हणायची, हाय बरा. उन्हाळा वाढत होता. कूलर ठेवून आपण चूक तर नाही ना केली, संस्था बुडाली तर, असं ती मला विचारायची. मी ठामपणे नाही म्हणायचो. मला तेवढंच येत होतं.

मग एका सकाळी फोन माझ्या नंबरवर आला.

"दाजी," दिगंबर म्हणाला, "आज टँकर आला न्हाई. कूलर धुवाया पानी न्हवतं. म्हनलं, आता झालं, दूध परत पाठवावं लागतंय."

"मग?"

"वस्तीवरच्या बाया आल्या. घरचं प्यायचं पानी आनलं त्येंनी, एकेक कळशी. ज्येंनी हात वर केलता, त्या समद्या."

तिकडून भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं.

"आक्काला सांगा," तो म्हणाला, "एक कळशी मी बी आनली."

सुनंदा ओट्यापाशी उभी होती. मी म्हटलं, तूच सांग, आणि फोन तिच्या हातात दिला.